समोरून लाइट आला की काच पांढरी होते: एलईडी घेण्याआधी हे तपासा

प्रश्न असा आला आहे. दर्यापूर तालुक्यातल्या एका भावाकडे २०१४ ची पिकअप आहे. रात्री माल भरून अमरावतीला जाताना समोरून गाडी आली की काचेवर सगळं पांढरं होतं आणि रस्त्याची कड दिसेनाशी होते. दुकानदार म्हणतो एलईडी टाका. मित्र म्हणतो शंभर वॅटचे बल्ब टाका. घरचे म्हणतात आधी डोळे दाखवा. यातलं नेमकं काय करायचं?

भाऊ, अर्धं निदान तुम्हीच लिहून टाकलंय. ‘समोरून गाडी आली की’ असं तुम्ही म्हणता. तुमच्या दिव्यांचा उजेडच कमी असता तर रिकाम्या रस्त्यावरही तक्रार राहिली असती. रिकाम्या रस्त्यावर दिसतं आणि समोरचा झोत अंगावर आला की बिघडतं, याचा अर्थ तो झोत तुमच्या डोळ्यापर्यंत येताना कुठेतरी विखुरतोय. काचेच्या बाहेर, काचेच्या आत, नाहीतर खुद्द डोळ्यात. त्यावर तुम्ही कितीही वॅट टाका, समोरच्याचा लाइट तेवढाच विखुरणार. उलट तुमच्यामुळे तो आंधळा होईल आणि तोही उद्या दुकानात जाऊन एलईडी मागेल. आपल्याकडच्या रस्त्यांवर गेली काही वर्षं हेच चाललंय.

आधी काच. गाडी रात्री अंगणात उभी करा. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि घरच्या कोणाला तरी बाहेरून, काचेच्या कोपऱ्यातून टॉर्चचा तिरपा उजेड मारायला सांगा. दिवसा स्वच्छ वाटणाऱ्या काचेवर काय काय आहे ते तेव्हा कळतं. फडक्याचे गोल-गोल फराटे दिसले तर ते बहुधा आतल्या बाजूचे. कमानीसारख्या बारीक रेघा वायपरच्या. चमकणारे सुटे ठिपके म्हणजे खडी उडून पडलेले टवके. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी ओळखा.

गॅरेजला ‘रात्री दिसत नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत मला सर्वात जास्त सापडतो तो आतला थर. बाहेरची काच सगळे धुतात, आतली कोणी पुसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बंद केबिन त्याहून किती तरी जास्त तापते. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधला, सीटच्या रेक्झिनमधला तेलकट अंश वाफेने वर येऊन काचेवर बसतो. त्यात बिडीचा धूर, रोजची अगरबत्ती आणि डॅशबोर्डला मारलेलं चकचकीत पॉलिश. दिवसा हा थर दिसत नाही, पण रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रत्येक किरण तो पसरवतो.

पुसायचं कसं? कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून एक फडकं, मग साध्या पाण्याचं दुसरं, मग कोरडं तिसरं. काच आणि डॅशबोर्ड मिळतात त्या खालच्या खाचेत हात जात नाही, नेमका तिथेच थर जाड असतो. फडकं पट्टीला गुंडाळून घाला. आतून वर-खाली पुसा आणि बाहेरून आडवं. मग उरलेला फराटा कोणत्या दिशेचा आहे त्यावरून तो कोणत्या बाजूला राहिला ते लगेच कळतं. डिझेल किंवा रॉकेलचा बोळा काचेला लावू नका. तेव्हा चमक येते, पण रात्रीचा त्रास दुप्पट होतो. पावसात काचेला तंबाखू, बटाटा नाहीतर शॅम्पू चोळायची जुनी ड्रायव्हर मंडळींची युक्ती वायपर बंद पडल्यावर घरापर्यंत पोचायला ठीक आहे. नंतर तो थर धुऊन काढा. आणि एक खूण लक्षात ठेवा: पुसल्यावर दोन दिवसांत पुन्हा चिकट धुकं धरलं आणि केबिनमध्ये गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी गळतेय आणि काचेवर येतेय ती कूलंटची वाफ. ते काम फडक्याचं नाही.

बाहेरच्या बाजूचं दुखणं तुमच्या भागाचं खास आहे. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुवायची आणि उन्हात तशीच वाळू द्यायची, म्हणजे क्षारांचे डाग काचेवर स्वतः बसवायचे. हे डाग नुसत्या साबणाने निघत नाहीत. पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून फडक्याने थोडा वेळ ओलं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन काढा, पत्र्याच्या रंगावर राहू देऊ नका. तेच खारं पाणी वॉशरच्या डबीत भरलं की बारीक नळ्या बुजतात आणि ऐन गरजेला पिचकारी उडत नाही. डबीत जारचं पाणी भरा. पिण्याच्या पाण्यातला एक लिटर गाडीला गेला तर काही बिघडत नाही. बुजलेलं तोंड टाचणीने उघडतं.

आता वायपर. आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर चालतो आणि उरलेले आठ महिने उन्हात भाजतो. मृगाच्या पहिल्या सरीला चालू केला की पाणी काढण्याऐवजी चिखल सारवतो. रबराच्या कडेवरून बोट फिरवा. कड ताठ लागली, चिरा लागल्या किंवा गोल झाली असेल तर रबर संपलंय, मग वरून कितीही काळं दिसो. काही शे रुपयांची वस्तू आहे, दर वर्षी मे संपताना बदला. नवीन ब्लेड लावूनही पट्टे सुटत असतील तर आर्मची स्प्रिंग ढिली झाली आहे. आर्म थोडा उचलून सोडला की तो काचेवर जोरात बसायला हवा. (फिटनेसच्या आदल्या दिवशी शेजारच्या गाडीचा वायपर मागून आणून लावणारे मला माहीत आहेत. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, लागतं, तेव्हा तो वायपर गावात दर वर्षी फिरत असतो.)

यातलं सर्वात महागडं नुकसान म्हणजे कोरडा वायपर. पांदण रस्त्याने आलं की काचेवर धूळ बसते, त्यात मुरमाचे कण असतात. पाणी न मारता वायपर फिरवला की ते कण रबराखाली घासत जातात आणि कमानीच्या रेघा उमटतात. नख आडवं फिरवून बघा. नख अडकत नसेल तर चांगल्या पॉलिशने बराच फरक पडेल. अडकत असेल तर घासत बसू नका. खोल रेघ काढायला काच खोलगट होईपर्यंत घासावी लागते आणि मग त्या जागी रस्ता वाकडा दिसतो.

तुमची काच मूळची, २०१४ ची असेल आणि गाडी टिप्परच्या मागे-मागे बरीच फिरली असेल, तर ठिपक्यांवर उपाय काच बदलणे हाच. एकच टवका असेल, रुपयाच्या नाण्याएवढा, आणि तुमच्या नजरेच्या सरळ रेषेत नसेल, तर त्यात रेझिन भरून घेता येतं. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतायची नाही. टवक्यातून तडा पळतो तो अशाच वेळी.

नवीन काच घेताना समोरची लॅमिनेटेडच घ्या: दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पडदा असलेली. दगड लागला तरी ती जागेवर राहते. बाजूच्या टफन काचेसारखी समोरची काच क्षणात भुगा झाली तर तुम्ही चालत्या गाडीत आंधळे. कोपऱ्यातला शिक्का वाचा. आणि पैसे देण्याआधी काच उभी धरून तिच्यातून दूरच्या विजेच्या खांबाकडे बघत डोकं डावी-उजवीकडे हलवा. खांब नागमोडी हलला तर काच परत करा. स्वस्त काचेत हा दोष फार, आणि तो रात्रभर डोळे दुखवतो.

काचेला धरूनच आणखी एक गोष्ट, डॅशबोर्डवरचा दुपट्टा. उन्हाने तापू नये म्हणून आपल्याकडे डॅशबोर्डवर पांढरा दुपट्टा, टॉवेल किंवा वर्तमानपत्र अंथरतात. त्याचं प्रतिबिंब बरोब्बर तुमच्या नजरेसमोर काचेत पडतं. संध्याकाळी मूर्तिजापूरहून अकोल्याकडे जाताना सूर्य समोर असतो, तेव्हा तो दुपट्टा काढून पुन्हा बघा, एकच काच दोन वेगळ्या काचा वाटतील. अंथरायचंच असेल तर काळं, न चमकणारं कापड घ्या. देव ठेवा, पण मधोमध नको आणि उंच नको. वरची झालर, लिंबू-मिरची, नावाचं मोठं स्टिकर, मोबाइलचा स्टँड हे सगळं मिळून किती काच उरते ते सीटवर बसून मोजा. काचेच्या उजव्या कडेच्या खांबाच्या आड तर वळणावर एक अख्खी मोटारसायकल लपते, तिथे आणखी पंखा बसवू नका. काळी फिल्म असेल तर काढाच. समोरच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो, आणि काचेवर बाजारातली फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. कायद्याचं सोडा, रात्री त्या फिल्ममधून आरशात काय दिसतं ते बघा.

काच झाल्यावर दिव्यांकडे या, पण बल्बपासून सुरुवात करू नका. तुम्ही माल भरून जाता, हे महत्त्वाचं. मागे वजन पडलं की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, नाक वर होतं आणि डिप्परसुद्धा, म्हणजे खालचा झोत, अप्परसारखा, म्हणजे लांबच्या झोतासारखा, आभाळाकडे जातो. तुमच्या पुढचा रस्ता काळा आणि समोरच्याचे डोळे पांढरे. समोरचा चिडून अप्पर मारतो, तुमची काच पांढरी होते. म्हणजे तुमच्या तक्रारीचा एक धागा तुमच्याच गाडीच्या मागच्या बाजूला असू शकतो. डॅशबोर्डवर ०-१-२-३ असं चक्र असेल तर माल असताना आकडा वाढवायचा, तसा झोत खाली जातो. बहुतेकांनी ते चक्र कधी फिरवलेलंच नसतं. चक्र नसेल तर भिंतीवर जुळवून घ्या: सपाट जागा, चाकांत बरोबर हवा, ड्रायव्हर आत, नेहमीएवढा माल मागे. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा, हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खूण करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली हवी, आणि ती डाव्या बाजूला थोडी वर चढलेली हवी, कारण आपल्याला रस्त्याची डावी कड बघायची असते. हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने हे होतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

मग वीज. तुमच्या वर्षाच्या बहुतेक पिकअपमध्ये एच-४ हॅलोजन बल्ब असतो, अप्परला ६० वॅट आणि डिप्परला ५५. हा बल्ब वाईट नाही, त्याला वीज पोचत नाही. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडं घसरलं की उजेड फार घसरतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेराच्या वर व्होल्ट आणि बल्बच्या सॉकेटवर जेमतेम बारा मिळत असतील, तर उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वायरिंगमध्येच गेला. दहा वर्षांच्या गाडीत हे नेहमीचं आहे. लाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी सॉकेटच्या अर्थिंगला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थिंग गंजलंय. बोल्ट खोला, पॉलिश पेपरने लखलखीत घासा, ग्रीस लावून घट्ट करा. एक दिवा पिवळा पडणं, इंडिकेटर लावला की हेडलाइटही मिचकावणं, हे याच रोगाचं लक्षण. अर्थिंग ठीक निघालं तर फ्यूजसकट रिले (बटणाच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा वेगळा स्विच) टाकून वीज थेट बॅटरीवरून घ्या. या दोन कामांनंतर ‘भाऊ, बल्ब कोणता टाकला?’ असं विचारणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहेत, आणि बल्ब जुनाच असतो.

मित्राचा शंभर वॅटचा सल्ला मानलात तर त्याच जुन्या वायरमधून जवळजवळ दुप्पट करंट जाईल. आधी सॉकेटचं प्लास्टिक वितळेल, मग उष्णतेने रिफ्लेक्टर काळवंडेल, आणि उजेड आहे त्याहून कमी होईल. एलईडीचं दुखणं वेगळं. एच-४ च्या आत डिप्परच्या तारेखाली एक चिमुकली पत्र्याची वाटी असते, तीच उजेडाला वर जाऊ देत नाही. हेडलाइटचा आरसा त्या तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. बाजारातल्या एलईडीत चिप त्या नेमक्या जागी बसत नाही, म्हणून उजेड चहूकडे फेकला जातो. तुमच्या चाकांसमोर झगझगाट होतो, त्यामुळे मालकाला वाटतं दिवा भारी. पण तो जवळचा झगझगाट डोळ्याची बाहुली लहान करतो आणि लांबचं कमी दिसतं. कंपनीने मुळात एलईडीसाठी घडवलेली हेडलाइट असते तिची गोष्ट निराळी. वरची पट्टी, म्हणजे लाइट-बार, वावरात मळणीला लावा, रस्त्यावर नको.

हेडलाइट उघडलीच आहे तर मागची रबरी टोपी जागेवर आहे का बघा. ती नसते म्हणूनच आत काळ्या मातीची धूळ जाते. रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका, त्याचा चंदेरी लेप फडक्याबरोबर निघून येतो. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. पुढचं आवरण प्लास्टिकचं असून पिवळं पडलं असेल तर बारीक पाणपेपरने घासून पॉलिश करता येतं, मात्र उन्हाला अडवणारा वरचा लेपही त्यात जातो, म्हणून काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. टूथपेस्टने होतं ते लग्नाला जाण्यापुरतं.

पावसाळ्यात काच आतून धुरकटते तेव्हा हाताने पुसू नका, पुन्हा फराटे उठतात. वारा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या, एसी असेल तर लावा, नसेल तर दोन्ही खिडक्या बोटभर उघडा. एसीमुळे काच बाहेरून धुरकटली तर वायपर एकदा फिरवला की जाते. थंडीतल्या धुवारीत, नाहीतर धुऱ्यावर पऱ्हाटी जाळल्याचा धूर रस्त्यावर आला तर अप्पर लावू नका, तोच उजेड परत तुमच्या डोळ्यात येतो. डिप्पर ठेवा आणि वेग कमी करा.

वेगाचं गणित करून बघा. डिप्परमध्ये गडद कपड्यातला माणूस साधारण ४० ते ५० मीटरवर दिसतो. ताशी ६० च्या वेगाने तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाता. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २३. म्हणजे ६० ला तुम्ही आपल्या उजेडाच्या कडेवर थांबता, तेही गाडी रिकामी आणि ब्रेक चांगले असताना. ८० ला तोच हिशेब ७० मीटरच्या पार जातो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, त्याचं आपल्याला कौतुक आहेच. पण रस्ता गुळगुळीत झाला म्हणून हेडलाइट लांब झाली नाही, आणि त्या रस्त्याला येऊन मिळणाऱ्या फाट्यांवरून बंडी आणि ट्रॉली अजून तशाच, बिनदिव्याच्या चढतात.

ट्रॉलीवरून आठवलं, तुमच्या घरी ट्रॅक्टर असेलच. त्याच्या मागे नांगरटीसाठी पांढरा दिवा असतो. रात्री वावरातून रस्त्यावर आल्यावर तो बंद करायचा राहतो. मागून येणाऱ्याला तो समोरून येणाऱ्या गाडीसारखा भासतो आणि खालची ट्रॉली मुळीच दिसत नाही. तो बंद करा, ट्रॉलीच्या मागे लाल आणि बाजूला पिवळी चमकपट्टी लावा, कापसाचे गाठोडे त्यावर लोंबत असतील तर पट्टी खाली घ्या. पिकअपवरही तेच: कापूस बाहेर आला की आरसे आणि मागचे दिवे दोन्ही झाकले जातात. आरशाचा दांडा लांब करून घ्या, थरथरत असेल तर त्याचा बुश बदला.

राहिला घरच्यांचा सल्ला, आणि तो चुकीचा नाही. एवढं सगळं करून झाल्यावर एका रात्री स्वच्छ काचेच्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत, त्याच रस्त्यावर, शेजारच्या सीटवर बसून बघा. तिथेही दिव्यांभोवती वलयं दिसली, झोत पसरलेला दिसला, तर दोष तुमच्या काचेत उरला नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर मोतीबिंदूची सुरुवात बहुतेकदा अशीच कळते: दिवसा सगळं ठीक आणि रात्री समोरचा लाइट सहन होत नाही. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. रस्त्यावर विकायला येतात ते ‘नाइट ड्रायव्हिंग’चे पिवळे चष्मे घेऊ नका. ते समोरच्याचा झगमगाट कमी करतात तसा रस्त्यावरचा अपुरा उजेडही कमी करतात.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन: आज रात्री टॉर्च आणि आतली काच, उद्या भिंतीवर माल भरून डिप्पर, आठवड्यात अर्थिंग आणि वायपर. काच बदलायचा खर्च त्यानंतरही फरक पडला नाही तरच करा, आणि एलईडीचे पैसे त्याच कामासाठी बाजूला ठेवा.